डी जीवनसत्त्व कमी निघालं, पण घोरण्याचं काय?

थकवा जात नाही म्हणून रक्त तपासलं, डी जीवनसत्त्व 11 आलं, साठ हजार युनिटच्या पुड्या सुरू झाल्या. इथवर सगळं बरोबर. चूक होते ती पुढे. थकव्याचं कारण सापडलं असं धरून चौकशी थांबते, आणि शेजारी झोपणाऱ्याला रोज रात्री ऐकू येणारं घोरणं डॉक्टरांच्या कानावर जातच नाही. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे.

जागेपणी घसा उघडा धरून ठेवणारे स्नायू झोपेत सैलावतात. मानेभोवती चरबी असेल, खालचा जबडा मागे असेल किंवा टॉन्सिल मोठे असतील तर जीभ आणि मऊ टाळू मागे पडून वाट बंद होते. छाती-पोट वरखाली होत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि घुर्रर्र करून श्वास सुटतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही, मोडलेल्या झोपेचा थकवा तेवढा उरतो. श्वास 10 सेकंद किंवा जास्त वेळ थांबला किंवा बराच कमी झाला, की एक खंड मोजतात. झोपेत श्वास असा अडकण्याच्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला असे 5 ते 15 खंड म्हणजे सौम्य स्लीप अ‍ॅप्निया, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र.

या रुग्णांमध्ये डीची पातळी कमी असते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. मग डी कमी म्हणून श्वास अडकतो का? तसं सिद्ध झालेलं नाही. डी चरबीत विरघळतं; वजन जास्त असलं की ते चरबीत साठून राहतं आणि रक्तात कमी दिसतं. वाढलेलं वजन हेच अ‍ॅप्नियाचंही मोठं कारण. शिवाय दिवसभर पेंगुळलेला माणूस उन्हात फिरायला जात नाही. उलट्या दिशेचा तर्कही आहे. डी फार कमी झालं की मांड्या आणि खांद्यांचे स्नायू दुबळे होतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. तसंच घशाच्या स्नायूंचं होत असावं. तर्क पटण्यासारखा आहे, पण त्याच्या भरवशावर पुडी घेऊन घोरणं थांबण्याची वाट पाहू नये. डीची कमतरता हाडांसाठी आणि स्नायूंसाठी भरून काढायचीच. घशासाठी वेगळी तपासणी लागते.

आधी डीबद्दल. तपासणी 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हीच करायची. 1,25 नावाची दुसरी तपासणी महाग असते आणि कमतरता असूनही नॉर्मल येऊ शकते. मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, 20 ते 30 अपुरं, असं साधारण धरतात. 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा, 8 आठवडे देतात. नंतर महिन्याला एक. उपाशीपोटी नको, दुधासोबत किंवा तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घ्यावी. खूप लठ्ठ माणसाला दुप्पट-तिप्पट डोस लागू शकतो, पण तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे आठवड्याची पुडी रोज घेणं. प्रौढाची रोजची गरज सुमारे 600 युनिट, म्हणजे एका पुडीत 100 दिवसांचा साठा असतो. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी तेच औषध लिहिलेलं असतं, हेही घडतं. म्हणून वेष्टनावर कोलेकॅल्सिफेरॉल हा शब्द शोधा, ते डीचंच औषधी नाव. कॅल्शियमच्या गोळीतही बहुधा डी असतंच. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता आणि पुढे मूत्रपिंडाला इजा.

कोवळ्या उन्हाबद्दलही बोलायला हवं. सकाळी सातचं ऊन सुखाचं असतं, पण डी तयार करणारे किरण त्यात फारच कमी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही.

आता घसा. फोनवर रात्रीचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, माणूस उताणा झोपलेला असताना आणि छाती-पोट दिसेल असा. घोरणं, मग शांतता, मग हिसका देऊन श्वास, असं दिसलं की तो व्हिडिओ छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सोबत मानेचा घेर मोजून न्या; 40 सेंटिमीटरच्या वर असेल तर शंका वाढते. औषधांनी आटोक्यात न येणारा रक्तदाब, सकाळची डोकेदुखी, रात्री वारंवार लघवीला उठणं, गाडी चालवताना डुलकी, हे सगळं सांगा. डुलकी येत असेल तर तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा दारू घेतली तर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीत, आजार पक्का झाला तर मध्यम आणि तीव्र प्रकारात सीपॅप यंत्र हा मुख्य उपाय. सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली तो पहिल्यांदा मांडला: नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. यंत्र कपाटात जातं ते बहुतेकदा मास्कमुळे. माप चुकलं की हवा डोळ्यांकडे सुटते, आणि पट्टे आवळत गेलं की नाकावर व्रण पडतो. मास्क झोपलेल्या स्थितीतच लावून पाहा. मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड रोज सौम्य साबणाने धुवा. चेहऱ्याचं तेल बसलं की ती घसरते. हवा ओलसर करणाऱ्या यंत्राच्या टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला, रोज बदला. वीज जात असेल तर यंत्र इन्व्हर्टरवर चालतं, मात्र टाकीचं हीटिंग बंद ठेवा, तेच सगळ्यात जास्त वीज खातं.

डीची पातळी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. ती 35 वर आली आणि दुपारी तीनला डोळे तरीही मिटत असतील, तर पुडी वाढवू नका. स्लीप स्टडीची तारीख घ्या.