चिनी सरकारी बातमी वाचताना: पद, क्रम आणि ‘कॉम्रेड’

सप्टेंबर २०२२ मध्ये शी जिनपिंग समरकंदहून परतले आणि दहाएक दिवस दिसले नाहीत. तेवढ्यावर आपल्याकडच्या सोशल मीडियाने चीनमध्ये सत्तापालट घडवून टाकला. खरं तर परदेशातून येणाऱ्याला तेव्हा तिथे सात दिवस विलगीकरण आणि वर तीन दिवस घरी राहणं सक्तीचं होतं. शिवाय २५ तारखेला पक्षाच्या विसाव्या महाअधिवेशनाच्या २,२९६ प्रतिनिधींची यादी आली आणि तिच्यात शी यांचं नाव होतं. ती यादी कुणी उघडून पाहिली असती तर अफवा तिथेच संपली असती.

अशी बातमी वाचताना आधी पद बघा. आपली वर्तमानपत्रं शी यांना राष्ट्राध्यक्ष म्हणतात, पण सत्ता आहे ती पक्षाच्या सरचिटणीसपदात आणि लष्करी आयोगाच्या अध्यक्षपदात. २०१८ मध्ये दोन कार्यकाळांची मर्यादा उठली ती राष्ट्राध्यक्षपदाची. सरचिटणीसपदाला तशी लेखी मर्यादा कधी नव्हतीच. खालीही हीच रचना. प्रांत, शहर, जिल्हा, कुठेही जा, पक्षसचिव पहिला आणि गव्हर्नर किंवा महापौर दुसरा. महापौर बहुधा त्याच पक्षसमितीचा उपसचिव असतो, म्हणजे बैठकीत सचिवाच्या हाताखालीच बसतो. २०२२ च्या लॉकडाउनमध्ये शांघायचे सचिव होते ली छ्यांग, आणि मार्च २०२३ मध्ये पंतप्रधान झाले तेही तेच.

मग नावांचा क्रम. इथे बहुतेक जण फसतात, कारण याद्या दोन प्रकारच्या असतात. पक्षाच्या २३ ऑक्टोबर २०२२ च्या पत्रकात पॉलिटब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळाच्या, २४ जणांची नावं आडनावातल्या चिनी अक्षराच्या रेघा मोजून लावली आहेत. डिंग श्वेश्यांग यांच्या आडनावात दोनच रेघा, म्हणून ते पहिले. शी यांच्या तीन, म्हणून ते दुसरे. त्साय ची शेवटचे, चोविसावे. त्याच पत्रकात स्थायी समितीच्या, म्हणजे पॉलिटब्युरोतल्याच सर्वोच्च गटाच्या, सात जणांची यादी मात्र मानाप्रमाणे आहे: शी पहिले, त्साय पाचवे आणि डिंग सहावे. म्हणून यादीच्या आधी ‘आडनावाच्या रेघांच्या क्रमाने’ असं छापलंय का, ते पाहिल्याशिवाय कोण वर गेला आणि कोण घसरला हे लिहू नये.

सगळ्यात बारीक खूण म्हणजे ‘तोंगझी’, कॉम्रेड. परराष्ट्रमंत्री छिन गांग २५ जून २०२३ नंतर दिसेनासे झाले आणि बरोबर महिन्याने पदावरून गेले. संरक्षणमंत्री ली शांगफू ऑक्टोबरमध्ये पदावरून गेले. बाहेरून दोघांचं प्रकरण एकसारखंच वाटत होतं. जुलै २०२४ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीचं पत्रक आलं. त्यात ‘छिन गांग कॉम्रेड’ यांचा राजीनामा स्वीकारल्याची नोंद आहे. ली यांचं नाव त्या शब्दाशिवाय आहे आणि पुढे ‘शिस्त आणि कायद्याचा गंभीर भंग’. एक फक्त केंद्रीय समितीतून बाहेर पडला, दुसऱ्याची पक्षातून हकालपट्टी झाली. इंग्रजी बातम्यांमध्ये हा शब्द बरेचदा गळतो, म्हणून मूळ चिनी मजकूर यांत्रिक भाषांतरातून का होईना, उघडून पाहावा.

बदलीच्या बातमीतही असंच एक वाक्य शोधावं. ‘दुसरीकडे नेमणूक होणार’ असं लिहिलं असेल तर माणूस बहुधा सुरक्षित. नुसतं ‘आता या पदावर नाहीत’ एवढंच असेल तर वय तपासा. निवृत्तीचं वय झालेलं नसेल तर पुढचे काही आठवडे पक्षाच्या शिस्तपालन आयोगाच्या, म्हणजे नेत्यांची चौकशी करणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर नजर ठेवा.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र कुणी दिसलं नाही तर काही शोधू नका. तेव्हा नेतेमंडळी बेइदाइहच्या समुद्रकिनारी सुट्टीवर असतात.