तुम्ही विचारलंत म्हणून: ‘दे माइट बी जायंट्स’ ऐकायचं कुठून?

‘दे माइट बी जायंट्स’ म्हणजे जॉन लिनेल आणि जॉन फ्लान्सबर्ग या दोघांचा अमेरिकन रॉक बँड. "सुरुवात कुठून करू?" असं विचारणारे बहुतेक जण लगेच पुढे विचारतात, "पण ते गमतीची गाणी करतात ना?" आधी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. जॉन लिनेलचं अ‍ॅकॉर्डियन आणि त्याचा नाकातला आवाज कानावर पडला की लोक हसायच्या तयारीत बसतात आणि शब्द निसटून जातात. मला त्रास होतो तो याचाच.

‘फ्लड’ (1990) या अल्बममधलं ‘डेड’ ऐका. पियानो आणि दोन गळे, बाकी जवळजवळ काही नाही. मेलेला माणूस किराणा सामानाची पिशवी होऊन परत येतो. इथे हसू येतं, यायलाच हवं. पण त्याच चालीवर पुढे त्याला आठवतं, की आठ वर्षांचा असताना आपण धाकट्या भावाला गुलामासारखं राबवलं आणि त्याची माफी मागायची राहूनच गेली. चाल जड होत नाही, आवाज कापत नाही. म्हणूनच ती ओळ जास्त लागते.

हे असं का घडलं, ते ‘डायल-अ-साँग’शिवाय, म्हणजे फोन लावून गाणं ऐकायच्या त्यांच्या सोयीशिवाय, कळत नाही. 1983 च्या सुमारास लिनेलचं सायकल अपघातात मनगट मोडलं, आणि त्याच सुमारास जॉन फ्लान्सबर्गच्या घरी चोरी झाली. कार्यक्रम बंद पडले. तेव्हा दोघांनी ब्रुकलिनमधल्या एका साध्या आन्सरिंग मशीनवर निरोपाच्या जागी गाणं भरलं आणि ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात नंबराची छोटी जाहिरात दिली. लाइन एकच. त्यामुळे एका वेळी एकच माणूस ऐकणार, बाकीच्यांना एंगेज टोन. आता फोनच्या तारेतून काय जातं ते बघा: साधारण 300 ते 3400 हर्ट्झ. बास गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे तिचा मूळ सूर तारेतच गळाला. ड्रमचा धमकाही गेला. उरतो गळा, अ‍ॅकॉर्डियन आणि शब्द. शिवाय रिसीव्हर कानाला लावून उभा असलेला माणूस लांबलचक प्रस्तावना ऐकत थांबत नाही. छोटी गाणी, पहिल्या सेकंदाला सुरू होणारा गळा, शब्दांनी ठासून भरलेली कडवी: लोक ज्याला विक्षिप्तपणा म्हणतात, त्यातलं बरंच मला या तारेतून आलेलं वाटतं. स्वभावाचा भाग आहेच, नाही म्हणत नाही.

आता क्रम. पहिलं ‘बर्डहाउस इन युवर सोल’. बोलणारा आहे कॅनरी पक्ष्याच्या आकाराचा निळा नाइट लॅम्प, एवढं माहीत असलं की शब्द उलगडतात. मग ‘लिंकन’ (1988) मधली ‘अ‍ॅना एंग’ (Ana Ng) आणि ‘देल नीड अ क्रेन’. ‘इस्तंबूल’ने मात्र सुरुवात करू नका. गाणं झकास आहे, पण ते यांचं नव्हे, 1953 चं आहे. मुलं असतील तर ‘हिअर कम्स सायन्स’ (2009). त्यात सूर्यावरचं 1959 चं जुनं गाणं आहे, आणि त्यात सूर्याला ‘तापलेला वायू’ म्हणणं चुकीचं म्हणून लगेच प्लाझ्मावरचं दुसरं. गंमतच करायची असती तर इतकी काळजी कोण घेतं?

‘अपोलो 18’ (1992) जपून ऐका. त्यातलं ‘फिंगरटिप्स’ म्हणजे 21 तुकडे. काही जेमतेम पाच सेकंदांचे, सगळ्यांत मोठा मिनिटभराचा. पहिल्यांदा ओळीने ऐका, मग फक्त तो अल्बम शफलवर लावा. अल्बमची रचनाच तशी आहे, अख्ख्या गाण्यांच्या मधे हे तुकडे टपकायला हवेत. अ‍ॅपमधला क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच दुसरं सुरू करणारी सोय) आधी बंद करा. तो पाच-सहा सेकंदांवर असेल तर छोटा तुकडा सुरू व्हायच्या आत संपतो, आणि तुम्ही म्हणता यात काहीच नाही. 21 वेगळे ट्रॅक दिसत नसतील तर शफलचा खटाटोप सोडा.

‘जॉन हेन्री’ (1994) पासून ड्रम मशीनच्या जागी माणसं आली. दोघांचं दोघांपुरतं जग तिथे संपलं, असं मी वर्षानुवर्षं वाद घालून सांगितलंय. हल्ली तोच अल्बम लावला की ड्रम आवडतात, आणि तरी ‘लिंकन’मधला तो कोरडा, यंत्राचा ठोका हवासा वाटतो. त्यामुळे ‘जॉन हेन्री’ कधी ऐकायचा, हे मला विचारू नका.