अमेरिकेनं माणसं घ्यावीत की थांबवावीत? तुम्ही विचारलंत म्हणून

विचारणारे बहुतेक पुण्या-नाशिकचे आईवडील असतात, नाहीतर न्यू जर्सीत दहा-बारा वर्षं काढलेली त्यांची मुलं. प्रश्न एकच असतो: एच-1बी (अमेरिकेतला तात्पुरता नोकरीचा व्हिसा) बंद करा म्हणणारे बरोबर, की मर्यादा वाढवा म्हणणारे?

मला वाटतं, दोघंही पहिल्या दारावरून भांडतायत, आणि माणसं अडकलीयत दुसऱ्या दाराशी.

पहिलं दार एच-1बीचं. वर्षाला 65,000, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी 20,000. इथे देशवार कोटा नाही, त्यामुळे सर्वात जास्त माणसं भारतातली जातात. दुसरं दार ग्रीन कार्डचं. 1990च्या कायद्यानं नोकरीच्या आधारावर वर्षाला 1,40,000 नंबर (म्हणजे तेवढी ग्रीन कार्डं) ठेवले आणि कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा घातली. आइसलँडला जेवढी, तेवढीच भारताला. ईबी-2, म्हणजे मास्टर्स किंवा तेवढ्या पात्रतेच्या नोकऱ्यांच्या गटाच्या वाट्याला सुमारे 40,000 येतात; त्याचे 7 टक्के म्हणजे 2,800. इतर देशांचे उरलेले नंबर कधीकधी भारताच्या रांगेला मिळतात, पण त्यावर कुणी आयुष्य बेतू शकत नाही. आणि हे 2,800 म्हणजे अर्जदार नव्हेत, डोकी. नवरा, बायको आणि भारतात जन्मलेली दोन मुलं असली की एका नोकरीमागे चार नंबर संपतात. 2025च्या उन्हाळ्यात अमेरिकी सरकारच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-2 भारताची तारीख 1 जानेवारी 2013 वर उभी होती, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर लागत होता.

आता ‘एच-1बी बंद करा’ म्हणणाऱ्यांचं बघू, कारण त्यांची तक्रार खोटी नाही. एच-1बीच्या किमान पगाराच्या चार पायऱ्या असतात. त्या भागात तेच काम करणारी 100 माणसं पगाराच्या क्रमानं उभी केली, तर पहिली पायरी साधारण सतराव्याच्या पगाराची, दुसरी चौतिसाव्याच्या, तिसरी पन्नासाव्याच्या, चौथी सदुसष्टाव्याच्या. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस मधल्या पगारापेक्षा कमीत घेता येतो, तोही पूर्ण कायदेशीर. जागांपेक्षा मागणी जास्त, म्हणून एच-1बीची लॉटरी निघते; तिच्यातही घोळ होताच. एकाच उमेदवाराचं नाव चार-पाच कंपन्या टाकायच्या. आर्थिक वर्ष 2024 साठी सुमारे 7 लाख 59 हजार पात्र नोंदण्या आल्या, त्यातल्या 4 लाखांहून जास्त अशा एकापेक्षा जास्त वेळा नाव आलेल्यांच्या. पुढच्या वर्षीपासून निवड माणसागणिक, पासपोर्ट नंबरावर सुरू झाली आणि नोंदण्या 4 लाख 70 हजारांवर आल्या. नियम नीट लिहिला की गैरप्रकार आटोक्यात येतो, हे तिथे दिसलं.

पण पगार दबण्याचं मोठं कारण माणूस जागचा हलू शकत नाही, हे आहे. ग्रीन कार्डसाठी आधी कंपनीला पर्म करावं लागतं, म्हणजे त्या कामाला पात्र अमेरिकन मिळत नाही हे सरकारला दाखवावं लागतं. दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात, राज्याच्या रोजगार खात्याकडे 30 दिवस नोंद, ऑफिसात कामाचे सलग 10 दिवस नोटीस, आणखी तीन मार्गांनी शोध. पात्र अमेरिकन मिळाला नाही तरच अर्ज. तो अर्ज ज्या दिवशी जातो, ती तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख. मग आय-140, म्हणजे कंपनीनं इमिग्रेशन खात्याकडे तुमच्यासाठी करायचा अर्ज. तो मंजूर झाला की एच-1बी सहा वर्षांपलीकडे तीन-तीन वर्षांनी वाढत राहतो, आणि नोकरी बदलली तरी जुनी तारीख टिकते. पण नव्या कंपनीनं पर्म पहिल्यापासून करायचं असतं. कामाचं स्वरूप फार बदललं तरी तेच, म्हणून बढती नाकारणारे इंजिनिअर असतात. नोकरी गेली तर नवी शोधायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस. असा माणूस पगारासाठी हुज्जत कशी घालणार? आणि त्याचा पगार दबला की शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन माणसाचाही दबतो.

म्हणून माझं मत: पगाराच्या खालच्या पायऱ्या वर न्या, आणि ग्रीन कार्डचे नंबर वाढवा. दोन्ही एकदमच. सप्टेंबर 2025च्या घोषणेतलं नव्या अर्जामागे 1 लाख डॉलरचं शुल्क मला म्हणूनच पटत नाही. ते पगार बघत नाही, आणि रांगेत आधीच उभ्या असलेल्याला त्यानं मोकळीकही मिळत नाही. नुसती 7 टक्क्यांची अट काढूनही भागणार नाही. तसं विधेयक 2019 मध्ये प्रतिनिधी सभेत 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं, 2020 मध्ये सेनेटनंही वेगळ्या रूपात मंजूर केलं, पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही. एकूण आकडा तोच ठेवला तर फिलिपिन्सच्या नर्सनं भारतीयांमागे वर्षानुवर्षं थांबायचं, हा विरोधकांचा आक्षेप रास्त होता. त्यापेक्षा बायको-मुलांना त्या 1,40,000 मध्ये मोजणं थांबवा. निम्म्याहून जास्त नंबर तिथेच जातात.

यात सर्वात जास्त सोसतात ती चार-पाच वर्षांची असताना नेलेली मुलं. 21 पूर्ण झाली की ती आईवडिलांच्या अर्जातून गळतात. 2002च्या कायद्यानं थोडी सवलत दिली: आय-140 जितके दिवस प्रलंबित होता, तितके दिवस वयातून वजा होतात. मुलगी 21 वर्षं 5 महिन्यांची असताना तारीख लागली आणि आय-140 ला 7 महिने लागले होते, तर तिचं वय 20 वर्षं 10 महिने धरतात आणि ती वाचते. तोच अर्ज प्रीमियमनं, म्हणजे जादा शुल्क भरून, कामाच्या 15 दिवसांत उरकला असेल, तर ती गेली. मूल बारा-तेराचं असताना प्रीमियम भरण्याआधी वकिलाशी हे बोलून घ्या. आणि एक गोष्ट आजच तपासा: रांग नागरिकत्वावर ठरत नाही, जन्मस्थळावर ठरते, आणि जोडीदाराचं जन्मस्थळही चालतं. वडील तेव्हा कुवेतला नोकरीत होते म्हणून तुमच्या बायकोचा जन्म तिथला असेल, तर तुमच्या अख्ख्या कुटुंबाचा नंबर कुवेतच्या रांगेत लागू शकतो.