तिथीची पाऊणकी आणि दादाची शिडाची होडी

फेब्रुवारीतल्या संकष्टीला आम्ही सगळे, म्हणजे आई-बाबा, दादा, वहिनी, मी आणि पाचवीतला माझा लेक, दादाच्या शिडाच्या होडीतून गोव्यात मांडवी नदीने रायबंदरहून कुंभारजुव्याला आत्याकडे गेलो. गाडीने गेलं तर अर्ध्या तासाचा रस्ता, आम्हाला जवळजवळ तीन तास लागले आणि तरी मला वाटत होतं अजून थोडं लांब असतं तर बरं झालं असतं.

होडी फायबरची, १८ फुटी, दोन शिडं, मागे छोटं इंजिन. दादा दोन वर्षांपासून ती चालवतोय. पण निघायची वेळ ठरवली बाबांनी. दादा मोबाईलवर भरतीचं टेबल बघत होता तेवढ्यात बाबा म्हणाले, अरे आज चतुर्थी ना, पाऊणकी कर, चार पाऊण तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. मोबाईलवर पण तीनच्या आसपासच होतं! तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची अंदाजे वेळ मिळते, पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हे बाबांना त्यांच्या वडिलांकडून आलेलं, कुंभारजुव्यात घर आणि खाली होडी बांधलेली, त्यामुळे ते त्यांना पाढ्यासारखं पाठ.

तर तीनला भरती म्हणजे सकाळी नऊपासून पाणी वर चढतंय. आणि साडेअकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुटतो. शाळेत आपण खारे वारे मतलई वारे पाठ करतो ना, तेच, पण मला ते पहिल्यांदा पाठीवर जाणवले. दादाने मोठं शीड उघडलं, इंजिन बंद केलं आणि एकदम शांत झालं, फक्त पाण्याचा आवाज. खालून भरती ढकलतेय, मागून वारा.

डावीकडे आधी चोडण बेट, मग दिवाडी बेट. दिवाडी दिसल्यावर बाबांनी हात जोडले. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ तिथलं, पोर्तुगीजांनी मोडल्यावर देव पलीकडे नार्व्याला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ पुन्हा उभं केलं. उजवीकडे जुने गोवे, फेरीबोटीचा धक्का, मागे व्हाइसरॉयची कमान. लेक म्हणाला, आजोबा, म्हणजे आधी सगळे इथूनच यायचे? बाबा म्हणाले, मग काय, रस्ता नंतर आला रे, आमच्या लहानपणीसुद्धा कौलं, लाकडं, मीठ सगळं पाडावातून, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीतून यायचं आणि आम्ही पणजीला जायचो ते गासोलिनातून, म्हणजे मोटरच्या लाँचमधून.

जुन्या गोव्याच्या पुढे एक गोष्ट झाली. दादा फेरीबोटीला वाट द्यायला कडेला गेला आणि होडी चिखलात रुतली. होडीच्या तळातून पाण्यात सोडायची फळी टेकली, होडी एका बाजूला कलली, आई घाबरली आणि खरं सांगायचं तर मीपण. दादा वल्ह्याने ढकलायला लागला तर बाबांनी त्याला थांबवलं. फळी वर घे, शीड सोड आणि गप्प बस, पाणी चढतंय, तेच उचलेल. आणि दहा-बारा मिनिटांत होडी आपोआप हलली. मला तेव्हा कळलं की भरतीत निघायचं ते फक्त वेगासाठी नाही, हेच ओहोटीत झालं असतं तर पाणी परत येईपर्यंत तासन्‌तास तिथेच बसावं लागलं असतं. ज्यांना कधी नदीतून शिडाने जायचं असेल त्यांनी एवढं एक नक्की लक्षात ठेवा.

कुंभारजुव्याच्या कालव्यात वळल्यावर वारा पडला, दोन्ही बाजूंना खारफुटी. हा कालवा मांडवीला झुआरीशी जोडतो, साधारण १७ किमी, २०१६ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्र. २७. पावसात आग्वादकडचं मांडवीचं तोंड खवळलं की खनिज नेणाऱ्या बार्ज याच वाटेने झुआरीत उतरून मुरगाव बंदराला जायच्या. इथे मगरी आहेत, खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या, म्हणून कोणी पाण्यात हातपाय घालायचे नाहीत असं वहिनीने लेकाला तीनदा बजावलं. फोंड्याकडच्या काही गावांत पौषात मातीची मगर करून तिची पूजा करतात, खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे बांध राखते म्हणून. एका बांधावर मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, अगदी जवळून दिसली, लाकडी दारं, शेवाळ धरलेली, बाहेरचं पाणी चढलं की दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात, ना कुलूप ना मोटर. आतमध्ये कोरगुट भाताची शेतं. अशी किती दारं सध्या मोडकी पडलीत आणि शेतात खारं पाणी शिरलंय ते बघून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मलाही फार वाईट वाटलं.

गवंडाळीच्या पुलाच्या अलीकडेच नांगर टाकला, डोलकाठी खालून जाईल याची खात्री नव्हती, रिस्क कशाला. बाबा सांगत होते, गणपतीच्या सातव्या दिवशी इथे सांगोड असतो, होड्या एकमेकींना बांधून त्यावर देखावे. संध्याकाळी सगळे आत्याकडे जाऊन आलो पण आईला चंद्र होडीतूनच बघायचा होता. साडेनऊनंतर माशेलच्या बाजूने खारफुटीवर तो वर आला, तांबडा, मोठा. आईने घरून तांब्यात आणलेल्या पाण्याचं अर्घ्य दिलं, डब्यातले मोदक काढले, आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाली, असा चंद्रोदय मी आजवर बघितला नव्हता गं.

आत्याकडे झोपलो आणि सकाळी सहाला परत निघालो. आता सगळं उलट, पाणी समुद्राकडे ओढतंय आणि जमिनीकडून गार मतलई वारा. सुकाणू लेकाच्या हातात, दादाचा हात त्याच्या हातावर. बाबांनी शाल घट्ट केली आणि विचारलं, बाळा, आज पंचमी, भरती कधी झाली सांग. लेक बोटं मोजत राहिला. पाच पाऊण... पावणेचार, आजोबा. पहाटे पावणेचारला.

बाबा म्हणाले, मग आता पाणी कुठे चाललंय?

त्याने सुकाणू न सोडता हनुवटीने पणजीकडे दाखवलं.