मुलीच्या बोलण्याचा व्हिडिओ मी का काढत नाही

‘तुमची मुलगी खेळताना इतके गमतीचे बोलते, मग त्याचा व्हिडिओ का काढत नाही?’ हा प्रश्न खानापुरातल्या शेजारणींपासून बेळगावच्या नणंदांपर्यंत सर्वांनी मला विचारला आहे आणि ‘वेळच मिळत नाही’ हे माझे उत्तर कोणालाही पटलेले नाही. खरे कारण असे, की ती गंमत करत नसते. तुम्ही विचारलंत म्हणून एवढे एकदाच सांगते.

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी पावसाने वीज गेली, म्हणून आम्ही सापशिडी मांडली होती. पाच वर्षांच्या मुलीची सोंगटी सापाच्या तोंडी आली, तेव्हा ती खाली आणायला तिने ठाम नकार दिला. “आज एकादशी आहे. साप मला कसा खाईल? त्याने शाबूची खिचडी खावी.” आम्ही सारे हसलो, मीही हसले, आणि त्यात काही वावगे होते असे मला आजही वाटत नाही. पण तिचा तर्क बिनचूक होता. उपवास आज्जीपासून सर्वांना लागू, तर सापाला सूट कशी? लहान मुलांना नियम थोरांकडून आलेले आणि न बदलणारे वाटतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणारी मुले पाहून १९३२ सालीच लिहिले आहे. शिवाय मोक्षपटात, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपात, साप म्हणजे दुर्गुण आणि शिड्या म्हणजे सद्गुण असत. त्या पटावर तिचे म्हणणे विसंगत ठरले नसते.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरले असताना एका नातेवाइकाने तिच्या तोंडासमोर मोबाईल धरला आणि “म्हण की गं, सापाला काय आहे?” असा लकडा लावला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग गंभीरपणे म्हणाली, “आज एकादशी नाही. आज तो खाणार.” पुन्हा हशा उसळला. कोणी ते शेजाऱ्यांना कन्नडमधून समजावले, कोणी मामासाठी पुन्हा म्हणायला लावले. तिने मुठीतला फासा टाकलाच नाही. रात्री अंथरुणात तिने विचारले, “आई, मी चुकीचं सांगितलं का?” मी नाही म्हटले, पण मग सगळे का हसले, हे तिला समजेल अशा शब्दांत मला सांगता आले नाही. पुढे कितीतरी दिवस ती बोलण्याआधी आमच्या चेहऱ्यांकडे पाहत असे.

लेकरांच्या बोलण्यावर हसणे हीदेखील मायाच, असे नणंद म्हणते. पूर्वी मीही हेच म्हणत असे, आणि ते मला आजही खोडता येत नाही. मी तिची वाक्ये वहीत लिहून ठेवते. ती वही तिला मोठेपणी द्यावी, की तिला न विचारता लिहिणे हेही मोबाईल धरण्यासारखेच आहे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.