सही जुळत नाही

बाबांचा चेक बँकेतून परत आला. कारण, 'सही जुळत नाही'. आम्ही हसलो. जन्मभर फळ्यावर टपोरं लिहिणाऱ्या मास्तरांची सही मुंगीएवढी झाली होती, शेवटची अक्षरं तर नुसते ठिपके. दूध करपून घरभर वास सुटला तरी त्यांना पत्ता नसायचा. बद्धकोष्ठ जुनंच. झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे; आई शेवटी हॉलमध्ये झोपायला लागली. उजवा खांदा आखडला म्हणून तीन महिने शेक घेतला. हे सगळं एकाच धाग्यातलं आहे हे कळलं ते हात थरथरायला लागल्यावर, अडुसष्टाव्या वर्षी. नावच कंपवात, मग कंप दिसेपर्यंत शंका कुणाला येणार!

त्यामुळे गेल्या दिवाळीत पाहुण्यांपुढे ट्रे धरला आणि कप बशीत खडखडले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी बावन्न वर्षांची. पंधरा दिवस कुणाशी बोलले नाही. रोज रात्री वहीत सही करून बघायची, हिंगाची डबी हुंगून बघायची. नवऱ्याने विचारलं, "हे काय नवीन?"

न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी कुठलंच मशीन लावलं नाही. हात मांडीवर सैल सोडा म्हणाल्या, आणि शंभरातून सात-सात वजा करत या. (गणितात मी कच्ची, घाम तिथेच फुटला.) हात मात्र गप्प. मग अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, कॉरिडॉरमध्ये चालवलं, दोन्ही हात हलतात का ते बघत. कागदावर जिलेबी काढायला सांगितली. रेघ करवतीसारखी आली. झालं, म्हटलं.

"बाबांचा हात कधी थरथरतो?"

"टीव्ही बघताना, मांडीवर असला की. पेपर उचलला की थांबतो."

"आणि तुमचा?"

"उचलला की सुरू."

"मग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "आईच्या माहेरी कुणाचे हात कापतात?"

मामा! आरतीचं तबक तो कधी हातात घ्यायचा नाही, अगदी चाळिशीतसुद्धा.

माझा निघाला इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे हाताने काही करताना सुटणारी थरथर. थायरॉइड तपासलं, ठीक होतं. घराण्यात उतरतो तो बहुतेकदा हा; पुष्कळ घरांत आई किंवा वडिलांना असला तर मुलाला यायची शक्यता निम्मी. कंपवाताचं तसं नाही. शंभरातल्या दहा-पंधरा रुग्णांच्याच नात्यात आणखी कुणाला तो असतो. बाबांमुळे माझी शक्यता इतरांपेक्षा जास्त, तरी कमीच. जनुकीय तपासणीचं मीच विचारलं. बाबांना तो पन्नाशीच्या आत झाला असता, किंवा घरात दोघा-तिघांना असता, तर विचार करू म्हणाल्या. एलआरआरके-२ सारख्या जनुकात बदल सापडला तरी आजार होतोच असं नाही.

बाहेर येऊन रिक्षातूनच आईला फोन लावला. ती जराही चकित झाली नाही.

"माझेही कापतात की. म्हणून तर कप अर्धाच भरते."

आणि आम्ही भावंडं इतकी वर्षं तिला चिकट म्हणत होतो.