शोकेसमधलं तेल

सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेची फाइल घेऊन मार्चमध्ये मी औसा तालुक्यातल्या एका गावी गेले होते. 2020 पासूनची ही केंद्राची योजना. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान. अर्जदाराचा प्रकल्प अहवाल करून बँकेपर्यंत पोचवायचा, हे माझं काम.

दादांचा करडईच्या तेलाचा लाकडी घाणा चार वर्षांपासूनचा. आता त्यांना आणखी तीन घाणे आणि बाटल्या भरायचं यंत्र घ्यायचं होतं. खर्च 18 लाख.

"मॅडम, आधी हे बघा," म्हणत त्यांनी मला काचेच्या शोकेससमोर उभं केलं. आत तेरा सन्मानचिन्हं. त्यांच्या पुढे ओळीनं तेलाच्या बाटल्या, फोटो चांगला यावा म्हणून खिडकीच्या उन्हात मांडलेल्या. शेजारच्या शेडमध्ये घाणा बंद.

विक्री विचारली की दादा सत्काराचं सांगायचे. कोणत्या मंचावर बोलले, कोणत्या रीलला किती जणांनी बघितलं. शेवटी वहिनींनीच आतून वही आणून दिली. मी त्यात एकच गोष्ट शोधत होते: दुसऱ्यांदा आलेलं नाव. तीन महिन्यांत 61 गिऱ्हाईकं, परत आलेली चार. मधल्या पानावर वहिनींच्या अक्षरात दोन पुरस्कारांचं 'नोंदणी शुल्क' होतं, 11 हजार आणि 15 हजार. त्याच महिन्यात आडतीवरून करडई उधार आणलेली.

मला त्यांचा राग आला नाही. आलाच तर स्वतःचा आला. आमच्या एका प्रशिक्षणात मीच त्यांना मंचावर बोलावलं होतं, टाळ्या वाजवायला लावल्या होत्या आणि वही बघितली नव्हती. त्याच प्रशिक्षणात आम्ही मानसशास्त्रज्ञ मॅस्लोची 1943 ची गरजांची उतरंड शिकवतो. तक्त्यावर मान ही पोटाच्या आणि निवाऱ्याच्या नंतरची पायरी. या घरात तो क्रम उलटा झाला होता.

का, ते चहा घेताना कळलं. पुण्यातली नोकरी सोडून दादा गावी आले, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "शिकवलं, सवरलं, अन् शेवटी घाण्यालाच जुंपलं." चार वर्षांत त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही. ज्या एका माणसानं बरं म्हणायला हवं होतं त्याचं तोंड बंद, म्हणून दादा गावोगावच्या मंचांवरून तेच ऐकून घेत होते. मराठी माणूस याला हौस म्हणून मोकळा होतो. मला ती भूक वाटते, आणि ती पुरवणाऱ्यांनी त्यावर आपलं दुकान थाटलंय याची चीड येते.

तेवढ्यात एक आजी दारात आल्या. हातात आमच्यासमोरच्या शोकेसमधल्यासारखीच बाटली.

"बाबा, ह्ये त्याल खवाट लागतंय. नातवानं चटणीवर घेतलं न् घास थुकून टाकला."

दादांचा चेहरा उतरला. "आजी, आपल्या तेलाला पुरस्कार आहे," ते म्हणाले.

"आसंल बाबा. पर खवाट हाय."

मी शोकेसमधली एक बाटली काढली. गरम लागली हाताला. झाकण उघडलं आणि वास आला, जुन्या पणतीतल्या तेलासारखा. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर. ऊन आणि उजेड लागला की ते लवकर खवट होतं. त्याला गडद बाटली हवी, सावली हवी. हे दादांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण फोटो काढून झाला की याच बाटल्या पिशवीत भरून गिऱ्हाइकाला जात होत्या.

दादांनी बाटली माझ्या हातातून घेतली, वास घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतल्या अंधाऱ्या खोलीतल्या पिंपातलं निवळलेलं तेल काढून आजींना दिलं, पैसे घेतले नाहीत. वही ओढली आणि आजींच्या नावापुढे लिहिलं: खवट. त्या वहीत कुणाच्याही नावापुढे काही लिहिलेलं ते पहिलंच होतं.

"मॅडम, परत न आलेल्या 57 जणांना फोन लावू का?"

फाइल मी पिशवीत ठेवली. अर्धी नावं मी घेतली, अर्धी त्यांनी. पहिले दोघं "चांगलं आहे, चांगलं आहे" म्हणाले. तिसरे लातूरचे एक गुरुजी होते. थोडं थांबून ते म्हणाले, "खरं सांगू का?"

दादांनी पेन उघडलं. "सांगा गुरुजी."